विक्रीची इंग्रजी बोली



घणसोलीच्या एका ताईंचे पत्र आले आहे. वहीची दोन पाने, मोठे सुटे अक्षर. त्यांचे यजमान वाशीच्या फळबाजारात माथाडी आहेत. अठ्ठावीस वर्षे आंब्याच्या आणि सफरचंदाच्या पेट्या वाहिल्या, आता गुडघे बोलू लागले आहेत. काम सुटले की फंडाचे पैसे हाती येतील, त्यातून भाड्याची खोली सोडून स्वतःचे छप्पर करावे, असा दोघांचा विचार आहे. अशात स्टेशनबाहेर एका पोराने त्यांच्या हातात गुळगुळीत कागद कोंबला. कागदभर इंग्रजी. ताई लिहितात, "माझी मुलगी बी. कॉम. झाली आहे. तिने सगळे शब्द वाचले, मराठीत अर्थही सांगितला. पण द्यायचे किती आणि मिळणार काय, हे तिलाही सांगता येईना. आमचे इंग्रजी कमी पडते का?"

ताई, इंग्रजी कमी पडत नाही. तुमच्या यजमानांना विचारा, फळबाजारात रुमालाखालचा भाव कसा ठरतो. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटे दाबून भाव सांगतात. भोवती दहा माणसे उभी असतात, ज्याने बागेतून माल पाठवला त्याचा माणूसही असेल. पण रुमालाखाली काय ठरले ते त्या दोघांनाच ठाऊक. कागदावरचे इंग्रजी हे त्या रुमालासारखे आहे. शब्द सर्वांना दिसतो, बोटे दिसत नाहीत. म्हणून या खेपेला आम्ही डिक्शनरीतला अर्थ सांगत बसणार नाही. त्या शब्दाने विकणारा कशाला बांधला जातो आणि कशातून मोकळा सुटतो, एवढेच पाहू.

ताईंनी कागद पत्रासोबत जोडला आहे. पहिलाच शब्द 'ऑनवर्ड्स'. अमुक लाख ऑनवर्ड्स, म्हणजे तिथून पुढे. आकडा ठळक, शब्द मुंगीएवढा. सगळ्यात लहान, सगळ्यात खालच्या मजल्यावरची, कदाचित नाल्याकडे तोंड असलेली एखादी खोली त्या आकड्याला असेल, किंवा 'ती कालच गेली' असे उत्तर मिळेल. 'स्टार्टिंग फ्रॉम' हा त्याचाच भाऊ. आपण आकडा पाहून मनात हप्ता मांडतो आणि पुढचे ऐकायला तिथे जातो. जाहिरातीचे काम तिथेच झालेले असते.

मग 'स्टोन्स थ्रो'. स्टेशन म्हणे दगड फेकण्याच्या अंतरावर. इंग्रजीत हा जुना वाक्प्रचार आहे, अगदी जवळ एवढाच त्याचा अर्थ. पण कोणाच्या हाताने फेकलेला दगड, हे कुठे लिहिलेले नसते. वाचकांनी एक करावे, कोणत्याही अंतराच्या शब्दावर विश्वास न ठेवता पावसाळ्यातल्या एका सकाळी डबा हातात घेऊन ते अंतर स्वतः चालावे.

पण नवी मुंबईत सगळ्यात जास्त घरे कोणत्या शब्दाने विकली असतील, तर तो 'अपकमिंग'. येऊ घातलेले. अपकमिंग मेट्रो, अपकमिंग रेल्वे, अपकमिंग एअरपोर्ट. हा शब्द खोटा नाही, हीच त्याची गंमत आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले, पहिली गाडी लोकांना मिळाली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. उरणच्या बाजूची लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आली आणि तिथून उरण गाठायला जानेवारी २०२४ उजाडला. विमानतळाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. सगळे आले, कोणी खोटे बोलले नाही. पण ज्याने तळोज्याला २०१२ साली 'अपकमिंग मेट्रो'चे जादा पैसे मोजून घर घेतले, त्याचे पहिलीतले पोर मेट्रो येईपर्यंत बारावी होऊन गेले. विकणाऱ्याने उद्याच्या गाडीचे पैसे आज घेतले, मधली अकरा-बारा वर्षे घेणाऱ्याने रिक्षा आणि बसच्या रांगेत काढली. तेव्हा 'अपकमिंग' दिसले की एकच विचारावे, आज काय चालू आहे? जे आज चालू आहे त्याचेच पैसे द्यावेत.

आता 'सुपर बिल्ट-अप'. ताईंच्या मुलीने याचा अर्थ 'फारच चांगले बांधलेले' असा सांगितला! त्यात तिची चूक नाही, शब्दच तसा फुगवला आहे. कार्पेट म्हणजे जिथे सतरंजी अंथरता येईल ती आतली जागा. बिल्ट-अप म्हणजे त्यात भिंतींची जाडी आली. सुपर बिल्ट-अप म्हणजे जिना, लिफ्ट, व्हरांडा, वॉचमनची खोली यांतला वाटाही तुमच्या माथी. हिशेब करून पाहू. समजा सुपर बिल्ट-अप ६०० फूट आणि भाव फुटाला ६,००० रुपये. झाले ३६ लाख. आत सतरंजी टाकली तर जागा भरते ४०० फूट. म्हणजे खरा भाव फुटाला ९,००० रुपये. कागदावर 'ओन्ली ६,०००' छापले आहे, आणि ते 'ओन्ली' वाचूनच आपण सुखावतो.

यावर कायदा आहे. २०१६ चा रेरा कायदा आणि १ मे २०१७ पासूनचे आपल्या राज्यातले महारेरा. या कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्याच करून दिली. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरायची नाही; आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरायच्या. मोठ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो मुलीच्या मोबाईलने टिपला की प्रकल्पाची कुंडली समोर येते. ताईंच्या कागदावर आम्ही भिंग लावून शोधले. क्रमांक नाही, कोड नाही. 'टोकन देऊन बुक करा' मात्र तीन ठिकाणी आहे. या टोकनाबद्दलही कायदा बोलतो. नोंदणीकृत प्रकल्पात विक्रीचा लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत खोल्या असलेली इमारत या नोंदणीतून सुटते. आणि आपली माणसे बहुतेक तिथेच घर घेतात. गावठाणाच्या कडेला उठलेली चार मजली इमारत, ओळखीचा मध्यस्थ, चहा, आणि मग एक भारदस्त शब्द, 'नोटराइज्ड'. स्टॅम्पपेपर असतो, लाल शिक्का असतो, फोटोवर सही असते. एवढे झाल्यावर घर आपले झाले असे कोणाला वाटणार नाही? पण नोटरी फक्त एवढेच सांगतो की या माणसाने माझ्यासमोर सही केली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शंभर रुपये! आज शंभराला घराची वीटही उभी राहत नाही. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी झाली नसेल तर कायद्याच्या लेखी विक्री झालेलीच नाही.

त्याच कायद्यात आणखी एक खाच आहे. 'सेल डीड' वेगळे आणि 'ॲग्रीमेंट फॉर सेल' वेगळे. मधला तो इवलासा 'फॉर' पाहा. सेल डीड म्हणजे विकले. ॲग्रीमेंट फॉर सेल म्हणजे पुढे विकीन असा करार. लग्न आणि साखरपुडा यांत जेवढा फरक, तेवढा. नुसत्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. तिसरा कागद 'पॉवर ऑफ ॲटर्नी', म्हणजे कुलमुखत्यारपत्र. त्यावर घरे विकण्याची रीत देशभर बोकाळली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अशा कागदांनी मालकी बदलत नाही. तरीही हे कागद आजही फिरतात, कारण ते स्वस्त पडतात आणि इंग्रजीत असतात.

नवी मुंबईपुरता आणखी एक शब्द आहे, 'लीजहोल्ड'. १९७० साली सिडको स्थापन झाली, तिने इथल्या जमिनी मुख्यतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. अशा जमिनीवरचे घर विकतो म्हणजे आपण पट्ट्यातले उरलेले हक्क विकतो. जुने घर घेताना पट्टा कोणत्या साली सुरू झाला आणि आधीचे हस्तांतर सिडकोच्या दप्तरी लागले आहे का, हे पाहावे. मध्यस्थ 'सगळं क्लिअर आहे' म्हणेल. 'क्लिअर' हा शब्द तोंडी चालत नाही, त्याचा कागद मागावा.

घराचे पुराण लांबले. पण जन्माची कमाई एकदाच द्यायची असते, म्हणून लांबवले. दुकानातले शब्द त्यापुढे किरकोळ, तरी महिन्याच्या महिन्याला टोचणारे.

एमआरपी हा शब्द आपल्या आजीलाही पाठ आहे. पण त्यातल्या 'एम'कडे कोणी पाहत नाही. मॅक्झिमम, म्हणजे जास्तीत जास्त, सर्व कर धरून. ती वरची मर्यादा आहे, ठरलेली किंमत नव्हे. त्याहून कमी घ्यायला दुकानदार मोकळा आहे, जास्त घ्यायला नाही. थंड बाटलीवर 'कूलिंग चार्ज' म्हणून दोन-पाच रुपये वर लावणारा दुकानदार गुन्हा करतो, आणि त्याची तक्रार वैधमापनशास्त्र खात्याकडे करता येते. (हॉटेलात टेबलावर बसवून दिलेल्या बाटलीची गोष्ट निराळी. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हॉटेलवाल्यांच्या बाजूने निकाल दिला.)

'अप टू ५० टक्के ऑफ' मध्येही अशीच चोरवाट. अप टू म्हणजे तिथपर्यंत. दुकानात एक शर्ट अर्ध्या किमतीत असला आणि बाकी सगळ्यांवर १० टक्के सूट असली, तरी पाटी खरी. 'फ्लॅट ५० टक्के' लिहिले असेल तर सगळ्यांवर निम्मे. '५० अधिक २०' पाहून सत्तर टक्के सुटले असे समजू नये. हजाराचे आधी पाचशे झाले, मग त्या पाचशेवर वीस टक्के म्हणजे शंभर सुटले. दिले चारशे. सूट साठ टक्के. आमच्या घरातल्या सातवीच्या मुलीने हे गणित आम्हाला दुकानातच, मोठ्या आवाजात समजावून सांगितले. तेव्हापासून खरेदीला तिला बरोबर नेतो.

'बेस्ट बिफोर' आणि 'एक्सपायरी' यांत फरक करायला शिकावे. पहिल्याचा अर्थ, या तारखेपर्यंत चव आणि गुण उत्तम राहतील. दुसऱ्याचा अर्थ, या तारखेनंतर खाऊ नका. बिलाच्या तळाशी 'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक' असे असते, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळ वाचून आपण निमूटपणे सदोष मिक्सर घरी ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला, किंवा बिलात लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापलेली ओळ कायद्यापेक्षा मोठी नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बिल मात्र जपून ठेवलेले असावे.

हप्त्याच्या बाजारात 'झिरो' हा सगळ्यात महाग शब्द. शून्य टक्के व्याज, पण 'प्रोसेसिंग फी' वेगळी, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला नाही. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी चीज नसतेच, व्याज फीमध्ये लपवलेले असते. 'फ्लॅट रेट' त्याहून लबाड. १२,००० रुपये वर्षभरासाठी १० टक्के फ्लॅटने घेतले, तर व्याज १,२०० आणि महिना हप्ता १,१००. वरवर दहा टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र वर्षभर पूर्ण १२,००० वर भरता. घटत्या शिलकीवर मांडले तर हा दर सुमारे १८ टक्के पडतो. दुकानात 'फ्लॅट' चांगला आणि कर्जात 'फ्लॅट' वाईट, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आणि 'मिस-सेलिंग'. चुकीचे गळ्यात मारणे. आमच्या ओळखीच्या एका सफाई कामगार बाई मुदत ठेव करायला गेल्या आणि विम्याची पॉलिसी घेऊन परतल्या. "साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिले, मग नाही कशी म्हणू?" असे त्या म्हणाल्या. मान मिळाला की आपला माणूस सही करतो, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेवढीच रक्कम मागितली तेव्हा उलगडा झाला. इथे एक इंग्रजी शब्द आपल्या बाजूचा आहे, 'फ्री लुक'. विम्याचा कागद हाती आल्यापासून ती नाकारण्याची मुदत २०२४ च्या नियमांनी ३० दिवस केली आहे. थोडी वजावट होऊन पैसे परत मिळतात. बाईंना हा शब्द कोणी सांगितला नव्हता. आम्हालाही तेव्हा माहीत नव्हता, याची खंत आहे.

ताईंच्या पत्रात शेवटी एक वेगळीच गोष्ट आहे. त्यांची मुलगी महापेच्या बाजूला एका कचेरीत मुलाखतीला गेली. साहेबाने विचारले, "हाऊ विल यू सेल युअरसेल्फ?" मुलीने घरी येऊन सांगितले तेव्हा आईचा जीव वरखाली झाला. स्वतःला कशी विकशील, असे कोण कोणाच्या पोरीला विचारतो? ताई, त्याचा हेतू वाईट नव्हता. आजच्या इंग्रजीत 'सेल' म्हणजे पटवून देणेही. 'आय ॲम सोल्ड' म्हणजे मला पटले. स्वतःला विकणे म्हणजे आपल्या अंगचे गुण दुसऱ्याला पटतील असे सांगणे. मुलीने घाबरून मान खाली घातली आणि नोकरी गेली. पुढच्या वेळी तिने बी. कॉम.चे मार्क सांगावेत, घरखर्चाची वही दहावीपासून तीच लिहिते ते सांगावे.

पण तुमचा जीव वरखाली झाला, तो उगीच झाला नाही. याच शब्दाला दुसरी बाजू आहे. 'सेल आऊट' करणे म्हणजे पैशासाठी आपल्या माणसांना सोडणे. राजकारणात तो रोज ऐकू येतो. आणि एक वाक्प्रचार आहे, 'सोल्ड डाऊन द रिव्हर'. नदीच्या खालच्या अंगाला विकले. आज त्याचा अर्थ दगा दिला, विश्वासघात केला, एवढाच उरला आहे. त्याचे मूळ अमेरिकेतल्या गुलामांच्या बाजारात आहे. १८०८ पासून तिथे बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली, पण देशातल्या देशात खरेदी-विक्री चालूच राहिली. व्हर्जिनिया, केंटकीकडचे मालक माणसे विकत आणि ती मिसिसिपी नदीने खाली, कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांकडे नेली जात. तिकडचे काम जीवघेणे. आई एका मळ्यावर, लेकरू दुसऱ्या. जो आज्ञा मोडील त्याला नदीखाली विकण्याचा धाक घालत. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, वाक्प्रचार मागे राहिला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले, ते निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. अमेरिकेतल्या त्या बाजाराचे दुःख पुण्यात बसून ज्याला कळले, त्याचा वारसा सांगणाऱ्या घरात 'स्वतःला विक' या शब्दांनी आईच्या काळजात कळ उठावी, यात अडाणीपणा नाही. मुलीला अर्थ समजावून सांगा, पण तुम्हाला काय वाटले तेही सांगा.

ताईंना घाई होती, म्हणून घराबद्दलचे उत्तर आम्ही निरोपाने आधीच कळवले होते. काल त्यांचे दुसरे पत्र आले. मुलीने त्या कागदावरच्या नंबरावर फोन लावला आणि तीन गोष्टी विचारल्या. कार्पेट एरिया किती, महारेरा क्रमांक काय, आणि टोकन घेण्याआधी करार नोंदवणार का. पलीकडचा मुलगा आधी गोड बोलत होता. मग म्हणाला, "मॅडम, सर तुम्हाला कॉल बॅक करतील." त्याला नऊ दिवस झाले. यजमान अजून पेट्या वाहत आहेत, फंडाचे पैसे फंडात आहेत.